दमाची शर्यत



कामगार संघटनेत ज्याची उमर गेली त्याने मोटारींच्या शर्यतीवर बोलावयाचे ठरवले, याचे आमच्या काही मित्रांना नवल वाटले. शर्यती हा श्रीमंतांचा षौक. त्यात आपल्यासारख्यांनी सांगावयाचे ते काय? आमचे उत्तर असे की, मोटार कोणाच्याही मालकीची असो, तिचे चाक हाती धरून बसतो तो माणूसच असतो. त्याला भूक लागते, त्याची पाठ दुखते, आणि रात्री तीन वाजता त्याच्याही पापण्या जड होतात. तेवढा संबंध आम्हांस पुरेसा आहे. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे झाले ते वाचनालयांच्या बाकांवर झाले. तेथेच आम्हांला या विषयाची गोडी लागली, आणि त्यातून जो विचार सुचला तो आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

शर्यत म्हटली की आपल्या मनात वेग येतो. परंतु शर्यतींच्या दोन जाती आहेत. एक वेगाची आणि दुसरी दमाची. शंकरपटात बैलजोडी सुटली की डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निकाल लागतो, ती वेगाची. उलट आषाढी वारीकडे पाहा. वारी ही काही शर्यत नव्हे, पण लांब कसे चालावे हे तिच्याइतके कोणी शिकवलेले नाही. आळंदीहून निघालेली पालखी ठरल्या जागी दुपारचा विसावा घेते, ठरल्या गावी मुक्काम करते. त्या विसाव्यांमुळेच सत्तरीची म्हातारी पंढरपूर गाठते. आपली भाषाही हेच सांगते. 'दम धरा' म्हणजे टिकून राहा, आणि 'दम खा' म्हणजे थोडे थांबा. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ आहेत. जो दम खात नाही त्याला दम धरता येत नाही.

मोटारींच्या जगात दमाची सर्वांत नावाजलेली शर्यत फ्रान्समध्ये ल माँ या गावी होते. ती १९२३ साली सुरू झाली. चोवीस तास गाड्या धावावयाच्या आणि त्या वेळात जो सर्वांत अधिक अंतर कापील तो विजयी, असा तिचा नियम. परंतु आज आम्ही प्रथम सांगणार आहोत ती शर्यत आपल्या दाराशी येऊन गेलेली आहे. आम्ही त्या वेळी जन्मलोही नव्हतो. आपणांपैकी ज्येष्ठ मंडळींना कदाचित ती आठवतही असेल.

साल १९६८. आदल्या वर्षी इंग्लंडात पौंडाचे अवमूल्यन झाले होते आणि त्या देशाचे मन खचले होते. 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राच्या चालकांनी एक कल्पना काढली. लंडनहून थेट ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत मोटारींची शर्यत भरवावी. लोकांना हुरूप येईल आणि वाटेवरच्या देशांना इंग्रजी यंत्रांची मजबुती दिसून मालाला गिऱ्हाईकही मिळेल. पहिल्याला दहा हजार पौंडांचे बक्षीस. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असे टप्पे घेत त्यांना मुंबई गाठावयाची होती. प्रत्येक टप्प्याला ठराविक वेळ. जितकी मिनिटे उशीर तितके गुण दंड. पॅरिसपासून मुंबईपर्यंत रात्रीच्या मुक्कामाची सोय जवळजवळ नव्हतीच. सुमारे अकरा हजार किलोमीटरांचा रस्ता आठवडाभरात कापावयाचा, त्यात तुर्कस्तानातील दगडगोट्यांच्या वाटा आणि अफगाणिस्तानातील जुने घाट. शेवटचा टप्पा दिल्ली ते मुंबई. आग्रा, इंदूर करीत यावयाचे, आणि त्याला वेळ सुमारे तेवीस तास.

आग्रा रस्ता म्हणजे काय हे या भागातील लोकांना सांगावयास नको. धुळे, नाशिक, कसारा घाट, ठाणे, आणि मग आपले मुलुंड, भांडुप, घाटकोपर. आज आपण ज्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो तो याच जुन्या आग्रा रस्त्याचा मुंबईतील तुकडा. आठ दिवसांच्या धुळीने माखलेल्या त्या परदेशी गाड्या डिसेंबरच्या आरंभी ठाण्याच्या बाजूने आपल्या शहरात शिरल्या. त्यांतील ७२ गाड्या मुंबई बंदरातून 'चुसान' नावाच्या आगबोटीवर चढल्या. ५ डिसेंबरला बोट सुटली आणि १३ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यास लागली. या शर्यतीवर पुस्तके झाली, चालकांची नावे छापून आली. ७२ मोटारी सुखरूप बोटीत चढवणाऱ्या गोदीतल्या हातांची नावे आम्हांला कोठेही आढळली नाहीत. असो, तो आमच्या बिरादरीचा जुनाच अनुभव आहे.

आता मुंबईला पोहोचल्यावर कोण पुढे होते ते नीट ध्यानात घ्या. पहिला होता इंग्रज रॉजर क्लार्क आणि त्याचा स्वीडिश जोडीदार ओव्हे अँडरसन, फोर्ड कॉर्टिना गाडीत. दुसरे सिमो लॅम्पिनेन आणि गिल्बर्ट स्टापलार, फोर्ड टाउनस गाडीत. तिसरे ल्युसिअँ बियांकी आणि ज्याँ-क्लोद ओझिए, फ्रेंच सित्रोएन गाडीत. तिन्ही गाड्यांत दोन-दोनच माणसे. तिसरा माणूस म्हणजे साठ-सत्तर किलो वजन, त्याचे सामान निराळे, त्याची जागा निराळी. दोघांत भागत असेल तर तिसऱ्याचा बोजा कशाला? हिशेब अगदी सरळ दिसतो. मुंबईपर्यंत तो खराही ठरला.

मग पर्थहून सिडनीपर्यंत सारे ऑस्ट्रेलिया आडवे कापावयाचे होते. तीन दिवस, सलग. तेथे काय झाले? क्लार्कच्या इंजिनाने मान टाकली. त्याच्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीतील एरिक जॅक्सन याने आपल्या गाडीचे सिलिंडर हेड काढून त्याला दिले. क्लार्क पुन्हा धावू लागला, पण पुढे मागचा डिफरेन्शियल गेला. रस्त्याच्या कडेला कोणा अनोळखी माणसाची कॉर्टिना उभी होती. त्याला गळ घालून तिचा मागचा ॲक्सल मिळवावा लागला. एक तासाहून अधिक वेळ गेला आणि क्लार्क शेवटी दहावा आला. लॅम्पिनेनची गाडी एका खांबावर आदळून तिच्या स्टिअरिंगचा दांडा तुटला. बियांकी-ओझिए मात्र सर्वांच्या पुढे निघाले. सिडनी जेमतेम दीडशे किलोमीटर राहिले असताना समोरून आलेल्या एका मिनी मोटारीवर त्यांची सित्रोएन आदळली. बियांकी चेंगरलेल्या गाडीत अडकून जखमी झाला. पाठोपाठ येणारा आयरिश चालक पॅडी हॉपकर्क थांबला. आपला नंबर जाईल याची पर्वा न करता तो आणि त्याचे सोबती मदतीला धावले.

१७ डिसेंबरला सिडनीत निकाल लागला. पहिला आला स्कॉटलंडचा एक शेतकरी, अँड्र्यू कॉवन. त्याची गाडी हिलमन हंटर, म्हणजे साध्या कुटुंबाने वापरावी अशी. आपल्याकडच्या फियाट-ॲम्बॅसडरच्या पंक्तीला बसणारी. मुंबईत तो पहिल्या तिघांत नव्हता. त्याचे दंडाचे गुण ५०. दुसरा हॉपकर्क, ५६ गुण. तिसरा ऑस्ट्रेलियाचा इयान व्हॉन, ६२ गुण. आणि आता आमचा मुद्दा. कॉवनच्या गाडीत कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल धरून तीन माणसे होती. हॉपकर्कच्या गाडीत टोनी नॅश आणि ॲलेक पूल धरून तीन. व्हॉनच्या गाडीतही तीन. मुंबईत जे पहिले तीन होते ते सारे दोघा-दोघांचे संघ. सिडनीत जे पहिले तीन आले ते सारे तिघा-तिघांचे.

आपण म्हणाल, कामगार पुढाऱ्याला हवे तेच दिसते. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर देणे आमचे काम आहे. तीन माणसे होती म्हणूनच ते जिंकले, असे आम्ही म्हणत नाही. क्लार्कचे इंजिन माणसाच्या झोपेअभावी बिघडले नाही. बियांकीच्या वाटेत मिनी आली हा दैवाचा घाला म्हणावा लागेल. शिवाय चौथा आला तो पोलंडचा झासादा. त्याच्या पोर्श गाडीत दोघेच होते. एका शर्यतीवरून सिद्धान्त बांधणे शहाणपणाचे नव्हे. पण एवढे निश्चित म्हणता येते की, तिसरा माणूस हा जिंकण्यातला अडथळा नव्हता. ज्याला बोजा म्हणून उतरवावयाचे, त्याला घेऊन तीन गाड्या सर्वांच्या पुढे आल्या. मुंबईपर्यंतच्या आठ दिवसांचा हिशेब सिडनीपर्यंत पुरला नाही. थोड्या अंतरावर जी बचत दिसते ती लांब पल्ल्यावर बचत राहतेच असे नाही. आम्हांला एवढेच हवे आहे, कारण कामगाराचे आयुष्य ही लांब पल्ल्याची गोष्ट आहे. ती तिमाहीच्या ताळेबंदात मावत नाही.

याच बियांकीची पुढची-मागची हकीकत सांगण्यासारखी आहे. तो मिलानमध्ये एका मेकॅनिकच्या पोटी जन्मला आणि बेल्जियममध्ये वाढला. मुंबईत येण्याच्या दोनच महिने आधी त्याने मेक्सिकोच्या पेद्रो रॉड्रिग्ज याच्या जोडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत फोर्ड जी.टी. ४० या गाडीत जिंकली होती. ती शर्यत दरसाल जूनमध्ये होत असे; १९६८ साली मात्र ती २८ आणि २९ सप्टेंबरला झाली. कारण त्या मे महिन्यात फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि लक्षावधी कामगार उठले होते. सारा देश ठप्प झाला. त्या संपातून किमान वेतनात ३५ टक्के वाढ पदरात पडली. ज्या सित्रोएन गाडीतून बियांकी आपल्या मुंबईत आला, ती बनवणाऱ्या कारखान्यातील पॅरिसचे कामगारही त्या संपात होते. बियांकी सिडनीजवळच्या अपघातातून वाचला, पण ३० मार्च १९६९ रोजी ल माँ येथेच सराव करताना तो गेला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, जून १९६९ मध्ये, त्याच मैदानावर एक घटना घडली. कामगार चळवळीच्या इतिहासात ती कोणी लिहीत नाही. आमच्या मते लिहावयास हवी. ल माँच्या शर्यतीची सुरुवात मोठी नाट्यमय असे. गाड्या रस्त्याच्या एका कडेला, चालक दुसऱ्या कडेला. निशाण पडले की चालकांनी धावत जाऊन गाडीत उडी घ्यावयाची आणि सुटावयाचे. प्रेक्षकांना मौज वाटे. पण त्या घाईत पट्टा बांधण्यास सवड कोणाला? एका क्षणासाठी चालक पट्ट्याविना दोनशे-अडीचशेच्या वेगाने निघत. १९६८ च्या शर्यतीत विली मॅरेस या चालकाच्या गाडीचे दार घाईत नीट लागले नाही, ते वाटेत उघडले, आणि त्या अपघाताने त्याचा शर्यतींचा धंदाच संपला.

१९६९ साली निशाण पडले तेव्हा जॅकी इक्स नावाचा चोवीस वर्षांचा बेल्जियन चालक धावला नाही. तो चालत गेला. सारे पुढे सुटले. मागून आलेल्या गाडीखाली सापडता सापडता तो वाचला. शांतपणे आत बसला, पट्टा बांधला आणि सर्वांच्या शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ या चालकाची पोर्श उलटली. त्याने पट्टा बांधला नव्हता. तो बाहेर फेकला जाऊन मरण पावला. चोवीस तासांनी शर्यत संपली तेव्हा पहिला कोण? इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर. दुसऱ्या गाडीपेक्षा अवघे शंभर-सव्वाशे मीटर पुढे. त्यांची गाडीही आदल्या वर्षी बियांकीने जिंकलेलीच. पुढच्या वर्षी ती धावत सुटण्याची पद्धत बंद झाली; चालक पट्टा बांधून गाडीत बसलेले असतील, तेव्हाच शर्यत सुरू होऊ लागली.

याला आम्ही नियमाने काम करण्याचा सत्याग्रह म्हणतो. इक्सने घोषणा दिली नाही, काम नाकारले नाही. जिवाच्या सुरक्षिततेसाठी जेवढा वेळ लागतो तेवढा त्याने घेतला, इतकेच. ज्यांना वाटत होते की त्या चार क्षणांवर शर्यत अवलंबून आहे, त्यांना त्याने चोवीस तासांचा हिशेब दाखवला.

आता हा विसाव्याचा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. येथील गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा बांधली, अर्ज केले, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी उशिरा उठतो, चहा घेत पेपर वाचतो. त्या सुखामागे इतकी खटपट आहे. पुढे १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. मोटारीवरच्या कामगारांसाठी १९६१ साली निराळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात लिहिले गेले. म्हणजे लंडनहून निघालेल्या गाड्या आपल्या रस्त्यावर आल्या, त्याच्या सात वर्षे आधीच आपल्या संसदेने चालकाच्या झोपेचा विचार केलेला होता. कायद्यांची नावे आणि कलमे काळाप्रमाणे बदलतात. ती अमलात किती येतात, हा प्रश्न मात्र बदलत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे रात्रीच्या लांब पल्ल्याच्या खाजगी बसगाड्यांवरचे चालक आले. कंपनीचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. त्यांच्या फेरीवर पूर्वी दोन चालक असत. मालकांनी एक कमी केला. बोलणी करावयास बसलो तेव्हा मालक म्हणाले, "रस्ते आता सुधारले, गाड्या हलक्या चालतात. दुसरा माणूस अर्धा रस्ता घोरत असतो. झोपण्याचा पगार आम्ही का द्यावा?" त्यावर चालकांतला एक वडीलधारा माणूस, जो तोवर गप्प बसला होता, तो म्हणाला, "शेठ, तो झोपतो म्हणून मी जागा राहतो." बैठकीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. आम्ही इतकी वर्षे जे भाषणांतून सांगत होतो ते त्याने एका वाक्यात सांगितले. बोलणी पुढे कित्येक महिने चालली. अखेर लांबच्या फेऱ्यांवर दुसरा चालक परत आला. मधल्या फेऱ्यांवर आला नाही. ते भांडण आम्ही सोडलेले नाही.

आपण पवईकर यंत्राच्या शेजारी राहणारी माणसे आहोत. येथे मोठे कारखाने उभे राहिले, १९५८ साली स्थापन झालेली आय.आय.टी. येथे आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांना 'धातूचा थकवा' नावाचा विषय असतो. लोखंडावर पुनःपुन्हा भार पडत राहिला की वरून धडधाकट दिसणारा दांडा एके दिवशी तुटतो. म्हणून इंजिनियर आधीच कोष्टके मांडतात, कितव्या फेऱ्यानंतर तो बदलावयाचा ते ठरवतात. लोखंडाच्या थकव्याबद्दल कोणी वाद घालीत नाही. माणसाच्या थकव्याचा प्रश्न निघाला की मात्र तो आळस ठरतो.

तलावाच्या कडेने रात्री फेरी मारा. रस्त्यालगत गाडी लावून काच अर्धी खाली करून झोपलेला टॅक्सीवाला दिसेल. स्कूटरवर पाठीमागे खोके बांधून, मोबाइलच्या घड्याळाकडे पाहत सिग्नलवर अधीर झालेला पोरगा दिसेल. आपण घरबसल्या सामान मागवतो आणि ते काही मिनिटांत दारात येते. ती मिनिटे कोठून आली, हे आपण विचारीत नाही. ती बहुधा त्या पोराच्या पट्टा बांधण्याच्या, डावी-उजवीकडे पाहण्याच्या वेळातून आलेली असतात. निशाण पडल्यावर धावत सुटण्याची ती ल माँची पद्धत १९७० सालीच मोडली. आपल्या रस्त्यांवर ती रोज संध्याकाळी चालू असते.

म्हणून आमचे आपणांस तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, रात्रीच्या बसचे तिकीट काढताना गाडीवर चालक किती आहेत, हे विचारीत जा. मालक कामगारांचे ऐकत नाही, गिऱ्हाइकाचे ऐकतो. दुसरी, आपल्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याची पाळी किती तासांची आहे, हे सभेत विचारा. बारा तासांची असेल तर ती आपणच चालवीत आहोत, दुसरा कोणी नाही. तिसरी, सामान घेऊन आलेला मुलगा पाच मिनिटे उशिरा आला तर त्याच्या नावे तक्रार ठोकण्याआधी त्याला पाणी विचारा. या तीनही गोष्टींना कायदा लागत नाही, संप लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही.

 रात्र बरीच झाली आहे. उद्या पुष्कळांची सकाळची पाळी असेल. आता आम्ही आपली रजा घेतो.